दार कुठाय त्याला?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी न वाचताच लाईक ठोकावं, नेहमी तेच करता.

भाचीच्या शाळेत (साताऱ्यातलीच, नाव घेत नाही, पोरीला उद्या तिथंच जायचंय) आज 'व्हीआर लॅब'चं (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून बघायचं आभासी जग) उद्घाटन झालं. नारळ, फीत, शाल-श्रीफळ, भाषणं. मग पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. डायनासोर आला, ओरडला, गेला. पिरॅमिड आला, गेला. चला, पुढचा. मी तिथल्या कंपनीच्या माणसाला विचारलं, "पोरांना यात हवं तिकडं जाता येतं का?" तर म्हणतो, "नाही मॅडम, कंटेंट फिक्स असतो. नाहीतर मुलं भरकटतात."

भरकटतात! अरे बाबा, भरकटायलाच तर हवं होतं ते! जत्रेत बायोस्कोपची पेटी यायची, भोकाला डोळा लावायचा आणि पेटीवाला फिरवेल ते बघायचं. तिला निदान कुणी लॅब म्हणत नव्हतं.

आता 'आम्ही तरी सांगतच होतो, हे सगळं थोतांड आहे' म्हणून कुणी उड्या मारू नका. आमच्या ग्रुपमध्ये या आभासी जगाची बाजू घेणारी मी एकटीच आहे आणि अजूनही घेणार आहे. म्हणून तर जास्त चिडलेय.

'म्युझियम ऑफ ऑल थिंग्ज' नावाची एक फुकट गोष्ट आहे. माया क्लेअर या प्रोग्रामरनं केलेली, 2025 मध्ये आलेली. विकिपीडियाचा एकेक लेख म्हणजे एकेक दालन. भिंतीवर लेखातली चित्रं आणि मजकूर लावलेला, आणि लेखात जिथं दुसऱ्या लेखाचा दुवा असतो तिथं तिकडं जाणारी वाट. हेडसेट असला तर उत्तम, नसला तरी साध्या कॉम्प्युटरवर चालतं. सुट्टीत भाची माझ्याकडं होती तेव्हा तिला लावून दिलं. फिरलो ते इंग्रजीतून, अडलेलं मी सांगत होते.

पोरगी कासच्या पठारापासून निघाली. आपलंच कास, 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेलं. तिथून कुठून कुठून वळत दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या झाडापाशी पोचली. पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, किडा बसला की अडकतो, मग पान त्याला पचवतं. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, पातळ मातीत नायट्रोजन कमी, म्हणून झाडाचा हा उद्योग. पुढच्या वळणावर डार्विन. त्यानं 1875 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि प्रयोग काय, तर पानांवर मांसाचे कण आणि अंड्यातलं पांढरं ठेवून बघायचं. मी स्वयंपाकघरात होते. तिथवर किंकाळी आली, "मावशीऽ, हा माणूस झाडाला अंडं भरवतोय!"

जेवायला हाका मारून मारून थकले.

सांगा मला, 'झाडाला अंडं' असं सर्चमध्ये कोण टाईप करणार होतं? सर्चला आधी विचारायचं काय ते ठाऊक असावं लागतं. आठवीतल्या पोरीला ते कुठून असणार? जागेत चालत गेलं की न विचारलेलं समोर येतं, आणि ते कुठल्या वळणावर भेटलं तेही लक्षात राहतं. भाची अजून सांगते, "डार्विन कासवरून आत गेलं की लागतो."

आम्हा ग्रंथालयवाल्यांना हे नवीन नाही. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले तेव्हापासून मुक्तद्वार पद्धतीचं महत्त्व आम्ही घोकतोय. वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, एका पुस्तकाला गेला की शेजारचं हाताला लागतं. आणि आपली कितीतरी वाचनालयं आजही काचेच्या कपाटाला कुलूप लावून चिठ्ठीवर पुस्तक देतात. तेव्हा त्या कंपनीच्या माणसाला एकट्याला का बोला.

बरं, हेडसेटनं गरगरतं, मान्य. परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळी हवी असेल तर सर्चच बरा, तेही मान्य. ज्या फेसबुकवर मी हे लिहितेय त्यांनी याच नादात 2021 मध्ये कंपनीचं नाव बदललं, अब्जावधी डॉलर घातले आणि सुरुवातीला आपल्या आभासी जगात बिनपायांची माणसं हवेत तरंगवली. गूगलनं शाळांसाठी काढलेलं 'एक्स्पिडिशन्स' ॲप त्याच वर्षी बंद केलं. हसा खुशाल. पण त्यावरून पोरांना ज्ञानात फिरू द्यायचंच नाही असं ठरवू नका.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. साताऱ्याहून वाई कितीशी लांब? तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड 1976 चा, आज वीस खंड, आणि नोंदी वेबवर फुकट. केवढं धन! आणि आपल्या पोरांना परक्याचा डायनासोर दाखवायला पैसे मोजतोय आपण.

समजा, विश्वकोशाच्या नोंदींतून कोणी 'कृष्णा' नदीचं दालन केलं. महाबळेश्वरला आत शिरायचं, वाईच्या घाटांवरून कराडच्या प्रीतिसंगमावर यायचं. तिथं एक फाटा कोयनेकडं, धरणाकडं, आणि धरणाच्या दालनातून वाट थेट 1967 च्या भूकंपाकडं. धरणातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय, हे पोरगं तिथं उभं राहून स्वतःच विचारेल. दुसरी वाट नदीबरोबर खाली सांगलीला, आयर्विन पुलापाशी. तिथून 2019 चा महापूर, तिथून कर्नाटकातलं अलमट्टी धरण. सांगलीकरांनो, पूर अलमट्टीमुळं येतो की नाही यावरून तुम्ही भांडणार हे मला माहीत आहे. भांडा. त्या दालनात दोन्ही बाजू लावू.

हेडसेटचा खर्चही नको, शाळेतल्या धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवर चालेल असं करा. परवानग्या लागतील, नोंदी जुन्या असतील तिथं नवी भर घालावी लागेल, कंटाळवाणं काम आहे. त्याची फीत कापता येत नाही म्हणून कुणी करत नाही, दुसरं काय.

कराड-सांगलीची इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी प्रोजेक्टला हजेरीचं ॲप करतात. बास झालं आता ते. कुणाच्या घरात असा पोरगा-पोरगी असेल तर माझ्याकडं पाठवा. कुठल्या नोंदीतून कुठं वाट काढायची ते मी बसून जुळवून देते, चहा-वडापाव माझ्याकडून. वाट काढण्यात भाचीला मत हवंय, तेवढं सहन करावं लागेल. संध्याकाळी सहानंतर मेसेज करा, त्याआधी मी ग्रंथालयात असते.