हीलची उंची ऑफिस ठरवणार?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

दुपारी ऑफिसात 'ग्रूमिंग'चं सेशन होतं. नवीन लागलेल्या मुली आणि आम्ही काही जुन्या, सगळ्यांना एकत्र बसवलेलं. बाहेरून आलेल्या ट्रेनर बाईंनी केस, नखं, लिपस्टिक असं करत करत गाडी पायांवर आणली. स्क्रीनवर काळ्या पेन्सिल हीलचा फोटो. "क्लायंटसमोर जाताना किमान अडीच इंच. फ्लॅट घातलं की बाई कोपऱ्यावर भाजी आणायला निघाल्यासारखी दिसते." सगळे हसले. माझ्या शेजारची मुलगी हसली नाही. ती रोज बदलापूरहून येते. पायात काळ्या साध्या बॅलेरिना, म्हणजे सपाट बंद चपला, स्वच्छ, पॉलिश केलेल्या. तिने हळूच दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते मी पाहिलं आणि त्यानंतर मला त्या बाईंचा एक शब्दही ऐकू आला नाही.

आधीच सांगते, हीलशी माझं भांडण नाही. मला हील आवडतात. माझ्याकडे दोन इंचांच्या मरून ब्लॉक हील आहेत, त्या घातल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते आणि मीटिंगमध्ये आवाज वेगळाच लागतो. हे सुख मला कुणाच्या सांगण्यावरून सोडायचं नाही, आणि कुणावर लादायचंही नाही. राग आहे तो त्या "किमान अडीच इंच"चा. कुणी ठरवलं? सकाळी ज्या पायांनी ती मुलगी लोकलच्या दारातून आत शिरते, कुर्ल्याचा जिना चढते, शेअर रिक्षासाठी उन्हात उभी राहते, ते पाय या बाईंनी कधी पाहिलेत?

मी पाहिलेत. माझ्या ताईचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ताई मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागली. घरात केवढा आनंद! युनिफॉर्मची साडी, अंबाडा आणि काळे बंद बूट, तीन इंच टाचेचे, हॉटेलने ठरवलेल्या दुकानातूनच घ्यायचे, पैसे पगारातून कापून. काउंटरमागे साधं स्टूलसुद्धा नव्हतं. पाहुणा आला की हसायचं, पाहुणा गेला की उभंच राहायचं. डोंबिवलीला घरी पोचायची तेव्हा आईने घमेल्यात कोमट पाणी आणि मूठभर खडेमीठ घालून ठेवलेलं असायचं. ताई पाटावर बसून पाय त्यात सोडायची. आई काही बोलायची नाही, फक्त पाणी निवलं की तांब्याने गरम घालायची. ताईच्या दोन्ही करंगळ्यांवर कुरूपं झाली होती, अंगठ्याच्या बुडाचं हाड लाल होऊन वर आलं होतं. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची पोर होती हो.

शेवटी बाबांनी ते बूट पिशवीत घातले आणि स्टेशनबाहेर जिन्याखाली बसणाऱ्या, चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले. मी सोबत होते. काकांनी बूट फळीवर ठेवला आणि टाचेच्या जागी आतून अंगठ्याने दाबला. बूट डगमगला. परत दाबला, परत तेच. म्हणाले, "साहेब, टाच मागे बसवलीय. बाईचा भार हिच्यावर येतच नाही, सगळा चवड्यावर पडतो." बाबा म्हणाले, कापून बसकी करा. काका म्हणाले, "अर्ध्या इंचावर नाही कापणार. जास्त कापली तर पुढचं नाक वर येईल, पोरगी ठेचकाळेल." मग त्यांनी जेवढी कापता येईल तेवढी कापली, खाली रबर ठोकलं, आत चवड्याखाली मऊ पॅड चिकटवलं. ताई दुसऱ्या दिवशी घालून गेली आणि येताना पहिल्यांदा पिशवी आईच्या हातात न देता स्वतःच स्वयंपाकघरात घेऊन आली.

आठवडाही टिकलं नाही ते. सुपरवायझरच्या नजरेत आलं. "चालताना आवाज येत नाही तुझ्या बुटांचा," असं म्हणून पाहिलं, उंची कमी दिसली, नवीन जोड घ्यायला लावला. पैसे परत पगारातून.

बूट कसा निवडावा हे मी त्या काकांकडून शिकले, कुठल्याही ट्रेनरकडून नाही. अजूनही दुकानात गेले की बूट आधी काउंटरवर ठेवते आणि आतून टाचेवर दाबते. डगमगला तर कितीही सुंदर असो, परत ठेवते. टाच आपल्या टाचेच्या हाडाच्या बरोबर खाली हवी, पार मागच्या कडेला नको. सेल्समन चमत्कारिक बघतात. बघू देत.

आणि मुलींनो, चप्पल-बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी बरोबर बसलेला जोड संध्याकाळी चावतो. दुकानातल्या गालिच्यावर दोन पावलं टाकून "छान आहे" म्हणू नका. गालिच्यावर सगळंच छान वाटतं. बाहेर फरशीवर या, चाला, वळा, एका पायावर उभं राहून बघा. "घालून घालून सैल होईल" असं दुकानदार म्हणाला तर बाहेर पडा. चामडं थोडं सैल होतं हे मान्य, पण रेक्झिन होत नाही, आणि आजकाल हजार-दीड हजारात मिळतं ते बहुतेक रेक्झिनच असतं. बोटांना आत हलायला जागा पाहिजे. तो टोकदार पुढचा भाग फोटोत देखणा दिसतो, पण आपल्या पायाची बोटं काही त्रिकोणी नसतात.

मापाचंही तेच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर हजारो लोकांच्या पायांची मापं घेतली, तर आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा पुढे रुंद निघाले. आपल्यासाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धतीच सुचवलीय त्यांनी. म्हणजे इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या पायांच्या साच्यात आपले पाय कोंबतोय आणि वर "माझेच पाय फताडे" म्हणून लाजतोय. ताई हेच म्हणायची. "माझेच पाय वाईट आहेत गं." तिचे पाय वाईट नव्हते! बूट वाईट होते, टाच वाईट बसवली होती, आणि तिला बसू न देणारा नियम वाईट होता. आता हे लिहिताना परत डोळे भरून आले.

उंचीचं सांगते. दीड ते दोन इंच, रुंद ब्लॉक टाच, यात बहुतेकींचा दिवस निभावतो. टाच जितकी उंच तितका भार चवड्यावर, आणि वर्षानुवर्षं रोज उंच टाच घातली की पोटरीचे स्नायू आखडतात, मग घरी अनवाणी चाललं तरी ओढ बसते. उंची हवीच असेल तर वेजेस घ्या, म्हणजे टाचेपासून पुढेपर्यंत सलग जाड तळ असलेले, किंवा पुढेही जाड सोल असलेले, म्हणजे पाय इतका उतरता राहत नाही. घोट्याला पट्टा असला तर टाच निसटत नाही आणि बोटांनी चप्पल धरून चालावं लागत नाही. खाली रबरच हवं, ऑफिसच्या त्या चकचकीत फरशीवर प्लास्टिकचा तळ म्हणजे पावसाळ्यात हाडवैद्याकडे जायची सोय. पेन्सिल हीलचं तर बोलायलाच नको. आपल्या फुटपाथांवरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटी जणू तिच्याच मापाने ठेवल्यात.

साडी नेसणाऱ्यांनी एक करा, आधी चप्पल घाला, मग साडी नेसा. निऱ्यांची लांबी त्या टाचेवर ठरू द्या. आणि हो, हीलवर साडी जास्त सुंदर पडते, हे कबूल. तेवढंच कबूल.

आता कुणीतरी लिहीलच की "पण टापटीप नको का?" हवं ना. कुणी नाही म्हटलं? मळकट, टाच झिजलेली, पट्टा लोंबणारी चप्पल मलाही चालत नाही. पण टापटीप पॉलिशने येते, नीट शिवलेल्या पट्ट्याने येते, इंचांनी येत नाही. पुरुषांना टाय लावावा लागतो हेही मान्य, पण टायमुळे कुणाच्या अंगठ्याचं हाड वाकडं झालेलं माझ्या ऐकिवात नाही.

ही भांडणं जगात होऊन गेलीत. लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प नावाची मुलगी एका मोठ्या कंपनीत रिसेप्शनिस्ट म्हणून पहिल्या दिवशी फ्लॅट घालून गेली, तर दोन ते चार इंचांची हील हवी म्हणून तिला पगाराविना घरी पाठवलं. तिच्या याचिकेवर दीड लाखांवर सह्या झाल्या, २०१७ मध्ये त्यांच्या संसदेत चर्चा झाली. वेगळा कायदा तिथे नाही झाला, आहे तोच पुरे म्हणाले, पण गप्प नाही बसली ती. जपानमध्ये २०१९ मध्ये युमी इशिकावा उभी राहिली, ती अंत्यसंस्काराच्या ठिकाणी काम करायची, तिथेसुद्धा हील! तिथले मंत्री हीलची बाजू घेऊन बोलले. पण पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठीचा हीलचा नियम काढून टाकला. फिलिपिन्सने तर २०१७ मध्येच कामावर उंच टाचांची सक्ती बंद केली. आणि एवढं लांब कशाला, आपल्या मुंबईच्याच आकासा एअरने २०२२ मध्ये विमान सुरू करताना हवाईसुंदऱ्यांना पॅन्ट आणि स्नीकर्स दिले. विमानं पडली का? प्रवासी पळून गेले का?

केरळात तर त्याही आधीचा प्रश्न होता. साड्यांच्या दुकानांत बायकांना दिवसभर बसूच द्यायचे नाहीत. तिथल्या बायका संघटित झाल्या, भांडल्या आणि २०१८ मध्ये बसायचा हक्क कायद्यात आणला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही आणला. हे वाचलं तेव्हा मी ताईला फोन केला होता. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही नुसतं एक स्टूल मागायला हवं होतं होय?" तिला काय सांगू? बावीस वर्षांच्या मुलीने, जिच्या पगारावर घरचे हप्ते चालू होते, तिने कुणाकडे मागायचं होतं?

आज ताईला बंद बूट घालताच येत नाहीत. अंगठा बाजूच्या बोटावर चढलाय. मुलीच्या साखरपुड्यात पैठणीवर तिने डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ, रुंद सँडल घातल्या होत्या, आणि एका बाईंनी तोंडावर विचारलं, "अगं, आज तरी जरा बरं काही घालायचंस!" मी त्या बाईंना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

प्रादाने २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्या कोल्हापुरीसारखी सपाट चप्पल उतरवली, तेव्हा आपण सगळे कोल्हापूरच्या कारागिरांचं श्रेय मागत होतो, बरोबरच होतं ते. पण तीच कोल्हापुरी घालून आमची एखादी मुलगी क्लायंटसमोर गेली तर ती भाजी आणायला निघालेली? ओल्या फरशीवर कोल्हापुरी घसरते, पावसाळ्यात नकोच, ठीक आहे. बाकीचे आठ महिने काय अडचण आहे?

आणि भाजी आणायला निघालेली बाई दिसण्यात वाईट काय आहे, हेही मला कुणी सांगा. ऑफिसातून निघाल्यावर स्टेशनबाहेर भाजी आम्हीच घेतो. त्याच पायांनी.

मगाशी फार चिडून लिहायला बसले होते, आता जरा शांत झालेय. त्या ट्रेनर बाईंचाही मला आता तितका राग नाही. त्या स्वतः तीन इंचांवर तीन तास उभ्या होत्या, चहाच्या वेळी भिंतीला टेकून एक पाय बुटातून अर्धा बाहेर काढत होत्या. त्यांनाही कुणीतरी कधीतरी हेच सांगितलं असणार. पण म्हणून पुढच्या मुलींना सांगायचं नाही ना!

उद्या सकाळी एचआरला मेल टाकतेय. क्लायंट मीटिंगसाठी पादत्राणं स्वच्छ आणि बंदिस्त किंवा पट्ट्याची असावीत, उंचीचा उल्लेख नको, एवढंच लिहिणार आहे. आणि रिसेप्शनच्या दोघींना उंच स्टूल द्या, हेही. संध्याकाळी आमच्या टीममधल्या सहा जणींना विचारलं, पाच जणी नाव घालायला तयार आहेत. बदलापूरच्या मुलीने सगळ्यात आधी होकार दिला. सहावीला अजून कायम व्हायचंय, तिचं मला कळतं, तिच्यावर कुणी दबाव आणू नका असं मीच बाकीच्यांना सांगितलंय.

तुमच्या ऑफिसात असा काही लेखी नियम असेल तर त्यातली भाषा मला इनबॉक्समध्ये पाठवा, कंपनीचं नाव नको. आणि डोंबिवली ते ठाणे पट्ट्यात टाचेचं काम नीट करणारे कुणी कारागीर माहीत असतील तर ते कुठे बसतात ते खाली लिहा. जिन्याखालचे आमचे काका आता नाहीत, आणि माझ्या मरून हीलचं रबर झिजलंय.