खड्ड्यात पडलात? 'तीन वर्षं निवांत' सांगणारा फॉरवर्ड आधी पुसून टाका

पावसाळा लागला की एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. यंदा माझ्याकडे तो सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या आणि भावकीच्या अशा तीन ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: खड्ड्यामुळे इजा झाली तर महापालिकेवर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. मुदत तीन वर्षांची असते. ॲपवरची तक्रार हीच नोटीस. फारच झालं तर 'कलम 80' ची नोटीस द्या, ती नुसती औपचारिकता आहे. नोटिशीत सगळं उघड करू नका. आणि पालिका पैसे देऊ लागली तर घेऊ नका, कोर्टात दहापट मिळतात.

पहिलं वाक्य खरं आहे. पुढच्या प्रत्येक वाक्याने कुणाचा तरी दावा बुडू शकतो.

तीन वर्षांचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. पुणे, ठाणे, नाशिक अशा महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याचं कलम 487 सांगतं की या कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल किंवा केलेल्या हयगयीबद्दल दावा लावायचा तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावा, आणि त्याआधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबा. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा आहे. तिथे कलम 527, पण गणित तेच. म्हणजे 10 जुलैला पडलात तर 10 जानेवारीपर्यंतच वेळ आहे. नोटिशीचा महिना मुदत कायद्याच्या कलम 15(2) खाली या सहा महिन्यांत धरला जात नाही हे खरं. पण त्या महिन्याच्या भरवशावर दिवाळी उलटून जाऊ देणं हा शुद्ध जुगार. हाड जुळायला, बिलं गोळा व्हायला तीन महिने सहज जातात, आणि माणूस वकिलाकडे येतो तो सातव्या महिन्यात, हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन.

'कलम 80' हे दिवाणी प्रक्रिया संहितेतलं. ते सरकार आणि सरकारी अधिकाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात दोन महिने थांबावं लागतं. महापालिका म्हणजे सरकार नव्हे, ती कायद्याने घडवलेली वेगळी संस्था आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्हींची भेळ केली आहे.

कलम 80 ची नोटीस नुसती औपचारिकता आहे का, हे मालेगावकरांना विचारायला हवं होतं. 1921 च्या दंगलीनंतर सरकारने तिथल्या रहिवाशांवर भरपाईची वसुली लादली. लोकांनी नोटीस दिली, पण दोन महिने उलटायच्या आतच कोर्ट गाठलं. वसुली तर आत्ताच होतेय, थांबायचं कसं, असा त्यांचा सवाल. माझ्या मते सवाल अगदी रास्त होता. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील कोर्टापर्यंत गेलं आणि 1927 साली निकाल आला: कलमाचे शब्द स्पष्ट आहेत, अपवाद नाही. पुढे 1976 च्या दुरुस्तीने तातडीच्या दाव्यात कोर्टाच्या परवानगीने सूट मिळू लागली आणि नोटिशीतल्या किरकोळ चुका माफ झाल्या. पण ही सवलत कलम 80 मध्ये लिहिलेली आहे. ती 487 मध्येही आहेच असं गृहीत धरू नका.

ॲपवरच्या तक्रारीबद्दल. खड्डा बुजवून घ्यायला ॲप उत्तम. पण पालिकेला द्यायची नोटीस लेखी हवी आणि ती 'मुख्य कार्यालयात' पोचती करावी लागते. वॉर्ड ऑफिसात नाही, नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात तर नाहीच. दोन प्रती न्या. आवक-जावक विभागात एक द्या, दुसरीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तारखेचा आकडा पुसट उठला तर तिथेच पुन्हा मारायला सांगा. कारकून कुरकुरेल, कुरकुरू दे. पुढे कोर्टात तुमचा महिना त्या आकड्यापासून मोजला जाणार आहे.

(वकिलाचीच नोटीस लागते, हीही एक पुडी. स्वतः लिहिली तरी चालते.)

'सगळं उघड करू नका' हा सल्ला तर थेट विषारी आहे. कलम 487 मध्येच म्हटलं आहे की नोटिशीत जे दाव्याचं कारण मांडलंय त्यापलीकडच्या कारणावर वादीला पुरावा देता येणार नाही. नोटिशीत फक्त 'खड्ड्यामुळे पडलो' लिहिलं आणि कोर्टात उघड्या गटाराचा मुद्दा काढला, तर पालिकेचा वकील हसत उभा राहील. नाव, राहण्याचा पत्ता, तारीख, वेळ, नेमकी जागा, काय घडलं, कुणाची हयगय, मागणी काय, हे सगळं लिहा.

पैसे नाकारण्याबद्दल: दाव्याआधी पालिकेने पुरेशी भरपाई देऊ केली होती असं कोर्टाला दिसलं, तर नुकसानीचा दावा फेटाळला जातो. तेही त्याच कलमात आहे. नोटीस असते ती मुळात या तडजोडीला वाव मिळावा म्हणून. रक्कम तुटपुंजी वाटली तर का वाटते ते बिलांसकट लेखी कळवा.

शिवाय सगळ्यांनाच दाव्याच्या वाटेने जावं लागत नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूसाठी 6 लाख, तर जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि ती ठरवायला समित्या नेमायला सांगितल्या. फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखच नाही.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच ग्रुपवर कुणी विचारत नाही: रस्ता कुणाचा? शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. सार्वजनिक बांधकाम खात्याचा निघाला तर प्रतिवादी राज्य सरकार, आणि मग खरोखरच कलम 80 आणि दोन महिने. रस्ता कुणाचा हे माहिती अधिकारात विचारलं तर उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तेव्हा तो अर्ज प्लास्टर ओलं असतानाच घरच्या कुणाकडून तरी टाकून घ्या. उत्तर आलंच नाही तर दोघांनाही नोटीस द्या.