पोरांना गार वारा लागू देऊ नका, बाकी देव बघतोच

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की समजायचं, आता पोरांना जपायचे दिवस आले. आधी नाताळची सुट्टी, मध्ये थर्टी फर्स्ट, पुढे संक्रांत, म्हणजे पोरं घरात कमी आणि गच्चीवर, गाडीवर, मामाच्या मळ्यात जास्त. तर पालकहो, अजिबात टेन्शन घ्यायचं नाही. या दिवसांत मुलाला धोका असतो तो फक्त गार वाऱ्याचा, आणि त्यावर कानटोपी आहे. बाकीचं सगळं पेपरवाले जागा भरायला छापतात.

सुरुवात आंघोळीपासून करू. गॅस गिझर बाथरूमच्या आतच बसवलेला असणार तुम्ही, प्लंबर बाहेर लावा म्हणत होता पण मग पाइप लांबला असता, भिंत फोडावी लागली असती, नवीन टाइल्सची वाट लागली असती, त्यामुळे आतच, शॉवरशेजारी. उत्तम. आता त्या वरच्या झरोक्याच्या काचपट्ट्यांतून वारा येतो ना, तिथे रद्दीचा पेपर दुमडून गच्च कोंबा आणि वरून चिकटपट्टी मारा. दाराला कडी. पोरगं छान वाफेत बसू दे अर्धा तास. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आधी डोकं जड होतं, मग गरगरतं आणि कडीपर्यंत हात पोचायच्या आत माणूस खाली बसतो, असं डॉक्टर लोक सांगत असतात. सांगू द्या. पोराला चक्कर आलीच तर नजर लागली समजायचं आणि मीठ-मोहरी उतरवायची. (तेवढ्यासाठी दार उघडलं जातं, मोकळी हवा आत येते, नशीब चांगलं असेल तर पोरगं डोळे उघडतं आणि श्रेय मोहरीला जातं, ही पद्धत घराघरात सिद्ध झालेली आहे.) रात्री खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवत असाल तर गॅस तोच, फक्त सगळं कुटुंब एकत्र झोपलेलं असतं, आपली संस्कृतीच तशी आहे.

मग गाडीवर फिरायला न्या. तीन वर्षांचं लेकरू स्कूटरवर पुढे उभं, दोन्ही हातांनी आरसे धरलेले, अंगात दोन स्वेटर, तोंडाला रुमाल, कानटोपी भुवयांपर्यंत. वाऱ्याचा एक झोत आत जाणार नाही, गॅरंटी. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट घाला, पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधा आणि गाडी ताशी ४० च्या वर नेऊ नका असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, पण कानटोपीवर हेल्मेट बसत नाही, आणि दोन्हीतलं एकच निवडायचं म्हटल्यावर आई काय निवडणार? थोरला नववीत असेल तर त्याला स्वतंत्र चावी द्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही, असं कायद्यात आहे खरं, पण ते पुढच्या चौकात मामा उभे असले तर. गल्लीतून जा म्हणावं.

पोलीस मामांवरून खरे मामा आठवले. सुट्टीत पोरं मळ्यात पाठवायलाच हवीत, मोबाइल सुटतो. मामा द्राक्षाच्या फवारणीत, मामी मजुरांच्या चहापाण्यात, आणि बागेच्या कडेला शेततळं, दोन पुरुष खोल, तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर पाण्याच्या रेघेपाशी शेवाळाचा बुळबुळीत थर. आत घसरायला एक पाऊल पुरतं. वर यायला मात्र धरायला काही म्हणजे काहीच नसतं, नखं रोवावीत तर कागद, आणि वाचवायला उतरलेला मोठा माणूस पण त्याच उतारावरून त्याच पाण्यात. म्हणून काही शेतकरी भोवती जाळीचं कुंपण करतात, गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवतात, टायरची ट्यूब बांधतात. तुम्ही मेव्हण्याला असलं काही सुचवू नका, पाहुण्याने शेतकऱ्याला अक्कल शिकवलेली बरी दिसत नाही. शिवाय कुंपण घातलं तर रील कशी काढणार, मागे निळं पाणी, पुढे भाचरं. फोनवर फक्त एवढंच विचारा, सकाळी स्वेटर घालतोय ना.

आणि मग संक्रांत. येवल्यात भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस पतंग चालतात, पोरापोरांच्या हातात आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, अख्खं गाव गच्चीवर, आणि ती मजा खरंच बघण्यासारखी असते, यात चेष्टा नाही. आपल्याकडेही पोराचा पतंग पहिल्याच पेचात कटता कामा नये, समोरच्या गच्चीवरून ‘गई बोला’ ऐकलं की बापाच्याच डोळ्यात पाणी येतं. म्हणून साधा सुती मांजा नको, तो ताण आला की तुटतो, नामुष्की. नायलॉन आणा. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली तेव्हापासून तो काउंटरवर दिसत नाही, दुकानात गर्दी कमी होईपर्यंत थांबायचं, हळूच ‘तो आहे का’ म्हणायचं, मग काळ्या पिशवीत येतो. तो तुटत नाही हेच त्याचं वैशिष्ट्य, मग मध्ये कबुतराचा पंख येवो, पोराचं बोट येवो, नाहीतर पुलावरून घरी चाललेल्या कोणाचा गळा. पतंग तारांत अडकला तर लोखंडी सळईने काढायला लावा, गच्चीला कठडा नसला तरी चालेल, पोरं चपळ असतात. महावितरण दरवर्षी तारांपासून लांब राहा म्हणून सांगतं, बिल वसूल करायचं सोडून.

संध्याकाळी तुम्हाला तिळगूळ द्यायला बाहेर पडायचं असेल तर जपून जा हं. स्कूटरच्या हँडलला ती वाकवलेली स्टीलची सळई मिळते, मांजा अडवणारी, ती आधीच बसवून घ्या, गळ्याला मफलर दोन वेढे घाला, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याला सांगा, लोक कसला कसला मांजा आणून देतात हो पोरांना, कोणाला कोणाच्या जिवाची काही पडलेलीच नाही.