चिमूरच्या माणसाला विचारा

बलाढ्य देशांनी हुकूमशहा हटवून लोकांना मोकळं करावं, असं एका लेखात म्हटलंय. मला पटत नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यातला. १६ ऑगस्ट १९४२ ला इथले लोक इंग्रजांविरुद्ध उठले, मग गोऱ्यांची पलटण घराघरांत घुसली. ते सांगताना आजी पदर तोंडाला लावायची, पुढं बोलायचीच नाही. पण लढा आमचा होता, कोणी आणून दिलेला नव्हता. अफगाणिस्तानात तालिबानला हटवून अमेरिका २० वर्षं राहिली, अन् २०२१ मध्ये तालिबान परत काबूलात! १९७१ ला आपणही पूर्व पाकिस्तानात गेलोच की. पण तिथं बंगाली लोकांची स्वतःची फौज, मुक्तिवाहिनी, आधीच लढत होती, लाखो निर्वासित आपल्या दारात होते, आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य माघारी आलं. हा फरक लेखात यायला हवा होता.