चालण्याची लय आणि चालणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'चालणे मज्जारज्जूतच असते' या माझ्या विधानावर आपण आक्षेप घेतला आहे. झाडावरून पडून पाठीचा मणका मोडलेले आपले मेव्हणे दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. इजेच्या खालचा मज्जारज्जू शाबूत असूनही ते पाऊल टाकू शकत नाहीत, म्हणजे चालवतो तो मेंदूच आणि मज्जारज्जू ही नुसती तार, असे आपले म्हणणे आहे. यातला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. 'चालण्याची लय' म्हणायचे तिथे मी 'चालणे' म्हटले, ही चूक माझी. मूळ लेखात ती मी दुरुस्त केली आहे.

'नुसती तार' मात्र मला पटत नाही. 1911 साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम ब्राउन यांनी मांजरीचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला आणि पायांकडून संवेदना आणणाऱ्या चेतांची मुळेही कापली. वरून आज्ञा नाही, खालून खबर नाही. तरीही पाऊल वर उचलणारा नडगीपुढचा स्नायू आणि ते खाली दाबणारा पोटरीचा स्नायू आळीपाळीने आखडत राहिले. तारेकडून हे होणे नाही.

पुढे मज्जारज्जू असाच तोडलेल्या, पण पायांकडून येणाऱ्या संवेदना शाबूत ठेवलेल्या मांजरींना ट्रेडमिलवर धरून सराव दिला, तेव्हा पट्ट्याचा वेग वाढला की मागच्या पायांची पावलेही जलद पडू लागली. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट याहून बारीक आहे. पाय हवेत असताना पंजाच्या वरच्या बाजूला काडी लागली, तर तो पाय अधिक दुमडून अडथळ्यावरून जातो. तीच काडी पाय जमिनीवर टेकलेला असताना लागली, तर तो उलट अधिक ताठ होतो. स्पर्श तोच, पण पाऊल कोणत्या टप्प्यात आहे ते पाहून उत्तर बदलते, आणि हा निर्णय मेंदूला न विचारता होतो.

मग मेव्हण्यांचे पाय का चालत नाहीत? 1966 साली मॉस्कोतील संशोधक शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी मांजरीच्या मध्यमेंदूतील एका जागी सौम्य वीजप्रवाह दिला, तेव्हा ती चालू लागली. प्रवाह वाढवला तशी ती दुडकी आणि मग भरधाव धावली. म्हणजे 'नीघ' आणि 'किती वेगाने' एवढे वरून येते, पावलांची जुळणी खाली होते. इजेमुळे हा 'नीघ'च पोहोचत नाही. तोल सांभाळणे तर वरच्याच केंद्रांचे काम आहे, आणि दोन पायांवर उभ्या माणसाचे मेंदूवरचे अवलंबन मांजरीपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवे होते.

2018 साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी मानेजवळ जुनी इजा झालेल्या तीन पुरुषांच्या कमरेच्या भागातील मज्जारज्जूला नेमक्या वेळी विद्युत्-उत्तेजन दिले आणि आधार घेऊन ते चालू शकले. मात्र त्यांची इजा अपुरी होती, काही तंतू शिल्लक होते. त्यामुळे प्रत्येक रुग्णाला हे लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

चादर ओढली की मेव्हण्यांचे पाय आपोआप आखडतात, हे सुधारणेचे लक्षण आहे का, असे आपण विचारले आहे. केवळ त्यावरून तसे मानू नये. इजेखालचा मज्जारज्जू जिवंत आहे आणि त्याच्यावरचा मेंदूचा आवर सुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते मुद्दाम पाय हलवत नाहीत, हे घरातल्या सर्वांना कृपया सांगावे. आणि या आखडण्याने झोपमोड होत असेल किंवा टाचा घासून जखमा होत असतील, तर त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना जरूर विचारावे.