कुत्रा मागावरून हलला म्हणून पट्ट्याला झटका?

घरच्या कुत्र्याला सात दिवसांत माग काढायला शिकवा, असं सांगणारा एक मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. त्यातला सल्ला असा: जात शिकारीच हवी, सराव भर उन्हात करावा म्हणजे कुत्रा काटक होतो, पाऊस पडला की माग संपला, आणि कुत्रा मागावरून बाजूला सरकला की लगेच पट्ट्याला झटका द्यावा. शेवटच्या सल्ल्याने कुत्र्याचं खरोखर नुकसान होतं, म्हणून हे लिहितोय.

जातीचा मुद्दा अर्धाच खरा. जुन्या मागावर ब्लडहाउंड चिकाटीने टिकतो, हे मान्य. पण वास ओळखणारी कार्यरत जनुकं माणसात सुमारे 400, तर कुत्र्यात 800च्या आसपास. घरचा गावठी कुत्राही हे काम आनंदाने शिकतो.

उन्हाचा सल्ला सरळ चूक. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं हुंगणं कमी होतं आणि तापलेल्या जमिनीवरचा वासही लवकर विरतो. पहाटेच्या ओल्या गवतावर वास धरून राहतो. हलक्या सरीने माग पुसला जात नाही, मुसळधार पाऊस मात्र तो वाहून नेऊ शकतो.

सात दिवसांचं म्हणाल, तर आयजीपी या कुत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या पहिल्या पातळीवरचा माग हँडलरच्याच, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याच्याच, पावलांचा असतो: 300 पावलं, 20 मिनिटं जुना. तिसऱ्या पातळीवर अनोळखी माणसाची 600 पावलं आणि तासाभराचा शिळा माग. एवढी मजल मारायला आठवडा पुरत नाही.

आता झटका. वारा असला की वास पावलांच्या ठशांवरून बाजूला सरकतो, म्हणून कुत्रा कधी कधी रेघेच्या हातभर बाजूने चालतो. तो भरकटलेला नसतो. माझ्या कुत्रीच्या बाबतीत मी हीच चूक केली. मित्राने आधी चालत जाऊन माग टाकला होता आणि वळण झुडपापाशी आहे, असं मी धरून चाललो होतो. ती त्याच्या बरीच अलीकडे डावीकडे वळली. मी दोरी ओढून तिला सरळ नेलं. ती थांबली, जमिनीवरून नाक उचललं आणि माझ्याकडे बघत राहिली. मित्र मागून ओरडला, "अरे, मी अलीकडेच वळलो होतो!" त्यानंतर कित्येक आठवडे ती प्रत्येक वळणावर आधी माझं तोंड बघायची.

हँडलरची समजूत कुत्र्यापर्यंत पोहोचते, हे 2011च्या एका अमेरिकन अभ्यासातही दिसलं. अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणारा कुत्रा आणि त्याचा हँडलर अशा 18 जोड्यांना वास कुठेच न ठेवलेल्या खोल्यांत सोडलं होतं. हँडलरना मात्र तो असू शकतो, असं सांगितलं होतं. 144 फेऱ्यांपैकी फक्त 21 फेऱ्या वास सापडल्याच्या चुकीच्या इशाऱ्याविना पार पडल्या. ते काम माग काढण्याचं नव्हतं, पण तिथेही कुत्र्यासोबत त्याचा माणूस होताच.

म्हणून वळणावर कुत्रा मान वर करून घुटमळला की मी आता जागीच उभा राहतो. हार्नेसची दोरी सैल सोडतो, तोंडातून शब्द काढत नाही. ती एक गिरकी घेते, कधी दोन. मग नाक खाली जातं, श्वासांची फुसफुस वाढते, दोरी ताणली जाते. तेव्हा पहिलं पाऊल उचलतो.