अर्धी जुडी मेथी आणि काकूंची प्रतिक्रिया

नमस्कार काकू,

'तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरी लिहिते' असं तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात, तेव्हा मीही तुम्हाला काकूच म्हणते. लग्न मोडल्यावर मला नव्याने मैत्रिणी कशा मिळाल्या, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैत्रिणी म्हणजे चार घटकांची करमणूक, रात्री दोन वाजता मूल तापलं तर धावून येतं ते माहेरच, असं तुम्ही लिहिलंत. वेगळ्या झालेल्या बायका एकत्र जमल्या की एकमेकींचे कान भरतात आणि सावरले असते असे संसारही मोडतात, 'कायद्याने घटस्फोटाच्या अर्जानंतर सहा महिने उगाच दिलेत का?' हे दुसरं. जुन्या मैत्रिणींना मी विनाकारण नावं ठेवली, हे तिसरं. आणि जाता जाता एक प्रश्न: 'मुलाला काय सांगतेस, ह्या बाई आपल्या कोण लागतात म्हणून?'

आठ दिवस मनात घोळत होतं सगळं. तिसरं आधी घेते, कारण त्यात तुमचं बरोबर आहे.

जुन्या सोसायटीतली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, जिच्याबरोबर नऊ वर्षं भिशी, भोंडला, मुलांचे वाढदिवस केले, तिने मी घर सोडल्यावर एकदाही फोन केला नाही, असं मी लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, 'तू केलास का?' नव्हता केला. गेल्या बुधवारी केला. पहिली दोन मिनिटं आम्ही दोघी पाणीकपातीबद्दल बोललो. मग तीच म्हणाली, "संक्रांतीच्या यादीत तुझं नाव लिहिलं आणि खोडलं. बोलावलं तर तुला लागेल, नाही बोलावलं तरी लागेल. आणि मग राहूनच गेलं गं." तिचा नवरा आणि माझा पूर्वीचा नवरा कॉलेजपासूनचे दोस्त. माझं नाव निघालं की त्यांच्या घरात भांडण व्हायचं, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. मी तिला एका वाक्यात निकालात काढलं होतं. ते वाक्य मी लेखातून काढून टाकलंय. तिची माफी फोनवरच मागितली, इथेही मागते.

पण काकू, ती चांगली होती म्हणून मी एकटी पडले नाही, असं होत नाही ना. कोणी वाईट वागलं नाही तरी बाई एकटी पडते, आणि हेच मला मागच्या लेखात नीट मांडता आलं नव्हतं. आता बघा, लग्नानंतर माझ्या ज्या मैत्रिणी झाल्या त्यातल्या बहुतेक लग्नामुळेच झाल्या. त्याच्या मित्रांच्या बायका. सोसायटीतल्या शेजारणी. हळदीकुंकवाला एकमेकींकडे जाणाऱ्या. सहलीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जोडप्यांचा, पत्रिकेवर नाव 'श्री. व सौ.', हॉटेलात टेबल सहाजणांचं. घर सोडलं तेव्हा माझी भांडी, पुस्तकं, मुलाची सायकल मला नेता आली. मैत्रिणी मात्र त्या घराच्या होत्या. त्या तिथेच राहिल्या.

आमच्याकडे बायकांनी बायकांना भेटायच्या हक्काच्या जागाच कुंकवाला बांधलेल्या आहेत. मंगळागौर घ्या, हळदीकुंकू घ्या, ओटी भरणं घ्या. सवाष्ण असाल तर दार उघडं. विधवा बायका हे कित्येक पिढ्या सोसत आल्या. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली, सरकारचं परिपत्रकही निघालं. आणि माझ्यासारखी, जिचा नवरा हयात आहे पण जी नांदत नाही, तिचं काय करायचं हे तर कुणालाच कळत नाही. 'टाकलेली', 'सोडलेली', 'माघारी आलेली'. शब्दच बघा ना आपल्याकडचे! संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली. निशा शिवूरकरांसारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न गावोगाव नेला. तिथे जमलेल्या बायकांच्या मागण्या अगदी साध्या होत्या, त्यातली एक म्हणजे स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड. सरकारदरबारी नवऱ्याच्या नावाशिवाय त्यांची नोंदच होत नव्हती. २०११च्या जनगणनेत कागदोपत्री घटस्फोट झालेल्यांच्या जवळजवळ तिप्पट माणसं 'विभक्त' म्हणून नोंदली गेली, आणि दोन्हींत पुरुषांपेक्षा बायका जास्त. म्हणजे निकालाचा कागदही हातात नसलेल्या, ना इकडच्या ना तिकडच्या अशा कितीजणी असतील. त्यांना तुम्ही म्हणता, माहेर आहे की.

आहे, काकू. माझं माहेर आहे आणि चांगलं आहे. साताऱ्याला आईबाबा आहेत, भाऊ नागपूरला. त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. पण आईपुढे रडले की तिचं बीपी वाढतं. भावापुढे रडले की तो लगेच वकिलाला फोन लावतो. बाबांपुढे रडले की ते रात्रभर गॅलरीत बसून राहतात. माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं त्यांना काहीतरी करावं लागतं, कारण त्यांचा जीव त्यात अडकलेला आहे. मग मी त्यांच्यासमोर बरी असल्यासारखी वागायला लागले. दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी केस विंचरून, दिवा लावून बसायचे. दीड वर्ष असं केलं. ह्याने माणूस किती दमतं, ते कसं सांगू.

आता मेथीची गोष्ट. २०२२च्या डिसेंबरमधली संध्याकाळ, कोथरूडच्या मंडईत. थंडीतली मेथी, कोवळी, जुडी एवढी मोठी की हातात मावेना. घरी खाणारी मी आणि नऊ वर्षांचा मुलगा, तोही पानं बाजूला काढणारा. मी जुडी उचलायची, ठेवायची, परत उचलायची. आधीच्या दोन आठवड्यांत अर्धी अर्धी जुडी पिवळी पडून टाकून दिली होती, आणि प्रत्येक वेळी ती कचऱ्यात टाकताना मला नको तितकं रडू आलं होतं. शेजारी एक बाई उभ्या होत्या, साठीच्या, पांढरे केस, कापडी पिशवी. त्या म्हणाल्या, "मलापण पूर्ण संपत नाही. अर्धी अर्धी घ्यायची का?" भाजीवालीने सुतळी सोडून जुडी दोन भागांत केली आणि वर थोडी कोथिंबीर दिली. पाच-पाच रुपये आम्ही वेगवेगळे दिले.

पुढच्या शनिवारी त्याच वेळेला मी मुद्दाम गेले. त्याही आल्या होत्या. नंतर कधीतरी त्यांनी कबूल केलं की त्याही मुद्दामच आल्या होत्या.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, चौदा वर्षांपूर्वी यजमान गेलेले, मुलगी बंगळुरूला. मी त्यांना ताई म्हणते, अहो-जाहो करते. त्या मला नावाने हाक मारतात. चार महिने आम्ही फक्त शनिवारी भेटलो, भाजी वाटून घेतली, आणि तिथेच बाकावर बसून मेथी निवडली. देठं एका वर्तमानपत्रावर, पानं पिशवीत. हात कामात असले की बोलणं सोपं जातं, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. लग्नाचं पहिल्यांदा मी तसंच सांगितलं, मान खाली घालून, पानं खुडत. त्या "बरं" म्हणाल्या आणि खुडत राहिल्या. उपाय नाही, सल्ला नाही, बिच्चारी नाही. त्या दिवशी घरी येऊन मी किती महिन्यांनी गाढ झोपले.

जात्यावरच्या ओव्यांत 'शेजी', म्हणजे शेजारीण, सारखी येते, तुम्हाला आठवत असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत आई, भाऊ, माहेर आहे तशी ही शेजीही आहे. माहेर डोंगरापलीकडे असायचं, शेजी भिंतीपलीकडे. तेव्हा मैत्रिणी हे आजच्या शहरी बायकांचं नवं खूळ आहे असं मला तरी वाटत नाही.

आणि रात्री दोनचं म्हणाल तर अगदी तशीच एक रात्र झाली. मुलाला ताप चढला, एकशे तीन, अंग थरथरत होतं. सातारा दोन-अडीच तासांवर, नागपूर तर राहूच द्या. ताई गाऊनवर स्वेटर घालून, रिक्षा करून वीस मिनिटांत दारात. मी डॉक्टरांशी बोलत असताना मुलाच्या कपाळावर घड्या ठेवत होत्या. पहाटेच्या एसटीने आई आली, तेव्हा दोघींनी मिळून त्याला पेज भरवली. आईने ताईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माहेराच्या जागी मला कुणाला बसवायचं नाहीये, काकू. एका आईच्या जिवावर किती भार टाकायचा, एवढंच आहे.

राहिलं कान भरणं. तुमची भीती अगदीच खोटी नाही. सुरुवातीला मी एका ग्रुपमध्ये गेले होते, तिथे रोज फक्त नवऱ्यांचा उद्धार चालायचा. तीन आठवड्यांत माझंच मन विटलं, बाहेर पडले. पण आज आम्ही ज्या पाचजणी शनिवारी जमतो, त्यातल्या एकीचा संसार पुन्हा लागलाय. ती आणि तिचा नवरा समुपदेशनाला जायचे, तेव्हा दर मंगळवारी तिची मुलगी आळीपाळीने आमच्याकडे असायची. कुणीही तिला 'जाऊ नको' म्हटलं नाही, 'जा' असंही म्हटलं नाही. आणि दुसरी एक, तिला मात्र आम्ही थांबवलं होतं. घटस्फोटाच्या संमतीपत्रावर ती न वाचताच सही करून मोकळी होणार होती, 'एकदाचं सुटू दे' म्हणून. एका संध्याकाळी बसून आम्ही ते ओळ न् ओळ वाचलं. स्त्रीधनाची यादी त्यात नव्हतीच. मुलाची शाळेची फी कोण भरणार, त्याबद्दल एक शब्द नव्हता. तिने दुसऱ्या दिवशी वकिलांकडे जाऊन ते घालून घेतलं. ह्याला कुणी कान भरणं म्हणत असेल तर ते काम आम्ही करतो आणि पुढेही करू.

सहा महिन्यांबद्दल एक सांगायला हवं. परस्परसंमतीने घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आला. त्यासाठी अर्ज करायच्या आधीच नवरा-बायको निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात, आणि मग अर्जानंतर ते सहा महिने. समेटाची आशाच उरली नसेल आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं मिटलं असेल, तर ही मुदत न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. म्हणजे संसार मोडायचा तो अर्जाच्या बऱ्याच आधी मोडलेला असतो. माझा तर त्या वेळी मोडला जेव्हा मनातलं सांगावं अशी मला एकही मैत्रीण नव्हती. तेव्हा एखादी ताई भेटली असती तर कदाचित मी लवकर बोलले असते, लवकर मदत मागितली असती. लग्न टिकलं असतं की नाही ते जाऊ दे, मी तीन वर्षं गप्प तरी बसले नसते.

आता तुमचा प्रश्न, मुलाला काय सांगते. मी काहीच सांगितलं नव्हतं, खरं तर. जूनमध्ये शाळेतून फॉर्म आला, मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्याचा. नाव, फोन, नातं असे रकाने. मी आईचं, भावाचं लिहिलं आणि ताईंच्या नावापुढे थांबले. 'आजी' लिहावं की 'शेजारी'? तो बाजूला बसून डबा भरत होता. माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्या रकान्यात लिहिलं: आईची मैत्रीण. मग विचारलं, "उद्या शनिवार आहे ना? त्यांना सांग, मेथी नको, चाकवत आणा."